‘लिही बघू’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं, पण मला सगळ्यांसमोर थँक्यू म्हणायचंय. मुलं झाल्यावर आपलं डोकंच बंद पडलंय असं वाटणाऱ्या अजून कितीतरी जणी असतील, त्यांच्यापर्यंत हे पोचू दे.

आठवतंय का, मी तुम्हाला म्हटलं होतं की मला आता दोन पानं सलग वाचवत नाहीत आणि प्रार्थनेला डोळे मिटले की झोपच लागते. मला वाटलं तुम्हीपण धीर धर, दिवस जातील असंच काहीतरी म्हणाल, सगळे तेच म्हणत होते. तुम्ही म्हणालात रोज पाच ओळी लिही आणि मला पाठव, चांगल्या नकोत, खऱ्या पाहिजेत.

मग सुरू झालं ते. धाकटी उजव्या हातावर झोपलेली, म्हणून डाव्या अंगठ्याने, ब्राइटनेस एकदम कमी करून टाइप करायचं, वाक्य निम्म्यावर आलं की ती कुरकुरणार आणि सकाळी ते वाक्य बघितलं की पुढे काय म्हणायचं होतं तेच आठवायचं नाही. तसंच पाठवायचे. तुम्ही कधी चूक काढली नाहीत, ‘छान’ पण म्हणाला नाहीत (सुरुवातीला वाईट वाटायचं मला त्याचं), दर वेळी फक्त एक प्रश्न यायचा.

एका रात्री थोरल्याने विचारलं, देवाला झोप येते का? मी लगेच बायबलमधलं 121वं स्तोत्र सांगितलं, इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीसुद्धा घेत नाही. त्याचं समाधान झालं, तो झोपला. मी जागी. कारण मार्कच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, एवढं वादळ चालू असताना येशू होडीत उशीवर डोकं ठेवून झोपलाय. दोन्ही मला लहानपणापासून पाठ, पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं. तुम्हाला लिहिलं, तर तुमचा रिप्लाय, “मग दोन्ही खरं कसं? लिही बघू.”

तीन आठवडे मी त्याच्यातच होते. 451 साली कॅल्सेडोनला भरलेल्या चर्चच्या बिशपांच्या परिषदेत येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, तरी व्यक्ती एकच, असं मांडताना किती जपून शब्द वापरलेत, मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही, हे तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. ‘पूर्ण देव आणि पूर्ण माणूस’ हे मी कितीदा म्हटलं असेल, त्याचा अर्थ मात्र पहाटे तीनला उमगला, की दमून झोपणं देवाने स्वतः अनुभवलंय. मी दमते म्हणून माझी प्रार्थना कमी पडते हे ओझं किती दिवस उरावर होतं, ते त्या पहाटे उतरलं. रडले, पण आवाज न करता, पोरगी हातावर होती ना.

दुओडाची ओळखपण तुम्हीच करून दिलीत. नवव्या शतकातली आई, दोन्ही मुलं तिच्यापासून लांब, धाकट्याला तर बाप्तिस्म्याआधीच नेलेलं, त्याचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. 841 ते 843 मध्ये तिने थोरल्या विल्यमसाठी लॅटिनमध्ये अख्खं पुस्तक लिहिलं, देवाबद्दल, प्रार्थनेबद्दल, आणि भाऊ मोठा झाला की त्यालाही दाखव म्हणून सांगितलं. त्या रात्री माझ्याच्याने पाच ओळीपण लिहवल्या नाहीत.

आणि एक, ज्याबद्दल आपण परत कधी बोललो नाही. मी लिहिलं होतं, माझा विश्वास उरलाय की नाही मला कळत नाही. पाठवून फोन उलटा ठेवला. तुम्ही घाबरला नाहीत, मला समजावलं नाहीत. मार्क नऊ वाच एवढंच, तो आजारी मुलाचा बाप, विश्वास आहे, माझा अविश्वास घालव असं रडत म्हणणारा, आणि खाली तुमचा प्रश्न, “हे तो मुलगा बरा व्हायच्या आधी म्हणाला की नंतर?”

आधी, ताई. आधी म्हणाला. मी दहा वेळा वाचून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी कितीतरी महिन्यांनी झोप न लागता प्रार्थना झाली.

काल थोरल्याने नवीन विचारलंय, होडीत झोपमोड केली म्हणून येशू चिडला का? चार ओळी झाल्यात, पाचवी अर्धी आहे. धाकटी झोपली की पाठवते.

तुमचीच