भजनाची पेटी उपासनेत राहू द्या

संपादक महोदय,

गेली चाळीस वर्षे मी आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला पेटी वाजवतो. यंदा नाताळसाठी सगळी गाणी कीबोर्डवर बसवली आहेत आणि तबला कपाटात गेला आहे. तरुण मुलांबद्दल माझी तक्रार नाही, ती मनापासून गातात. पण यादीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एकही भजन नाही, याचे फार वाईट वाटले.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. मराठी ख्रिस्ती मंडळी त्याआधीही गात होती, पण बरेचसे पाश्चात्त्य चालींवर. टिळकांनी उपासनेत अभंग आणला, ज्ञानोबा-तुकोबांच्या बोलीत ख्रिस्ताला हाक मारली. परकी चाल शिकून देवाशी बोलणे वेगळे आणि आईच्या भाषेत बोलणे वेगळे.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. टिळकांची भजने मात्र तिला तोंडपाठ. जात्यावर बसली की एक ओळ म्हणायची, थांबून मूठभर ज्वारी जात्यात घालायची आणि पुढची ओळ तिथूनच उचलायची. सूर कुठे कुठे उतरायचा, पण तीच तिची प्रार्थना होती. डोळे मिटून, हात जोडून बसलेली आजी मला फारशी आठवतच नाही.

सर्व मंडळ्यांना विनंती आहे, दर रविवारी निदान एक भजन पेटी-तबल्यावर होऊ द्या. मुलांना शिकायचे असेल तर शनिवारी संध्याकाळी मी पेटी घेऊन बसायला तयार आहे.

— एक वाचक, अहिल्यानगर