जायफळ संपत आलंय, आई

लियों, फ्रान्स
रविवार, 12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बंड्याला पाठवतेय, तो मोठ्या अक्षरात छापून आणून देईल. बाबा, तुम्ही वाचायचं नाही, आई वाचेल आणि तुम्ही ऐका. डोळ्याच्या ऑपरेशनला अजून दीड महिनाही झालेला नाही. आई, मध्ये भरून आलं तर थांब, पाणी पी आणि मग पुढचं वाच. रडण्यासारखं यात फार नाही. थोडं आहे.

रोज रात्री फोनवर तू विचारतेस, काय जेवलीस. मी सांगते वरण-भात, नाहीतर पोळी-भाजी. बहुतेक दिवशी ते खरंच असतं. गियोतिएर भागात तूरडाळ मिळते, कणीक मिळते, तू दिलेला कुकर अजून शिट्ट्या देतो. पण रविवारी रात्री मी वरण-भात जेवत नाही, आणि चार वर्षं तुला सांगितलं नाही की काय जेवते. आज सगळं सांगते, म्हणजे पुढचं सांगायला बळ येईल.

मी क्रोक मस्यू करते. क्रोक म्हणजे कुरकुरीत चावून खाणं आणि मस्यू म्हणजे महाशय. पॅरिसच्या कॅफेंमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ मिळणारा हा भाजलेला पाव आहे. आत चीज आणि हॅम, वर दुधाचा पांढरा सॉस, त्यावर पुन्हा चीज, आणि सगळं भट्टीत सोनेरी होईपर्यंत. वरून तळलेलं अंडं ठेवलं की त्याची मादाम होते, क्रोक मादाम. हॅम म्हणजे काय ते बाबांना माहीत आहे. आई, ते डुकराच्या मांडीचं असतं.

लिहिलं एकदाचं. आपल्याकडे मासे चालतात, रविवारी मटण चालतं, पण हे कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही, हे मला माहीत आहे. आजी असती तर मला अंघोळ घालूनच घरात घेतलं असतं. श्रावणात मी ते आणत नाही, एकाही वर्षी आणलेलं नाही. तेव्हा हॅमच्या जागी मशरूम परतून घालते. तू दिलेल्या कुकरात किंवा तुझ्या कढईत ते कधीही शिजलेलं नाही, त्याचं पातेलं आणि सुरी वेगळी आहे. एवढं सगळं लिहायची गरज नसेलही, पण लिहिल्यावर मला बरं वाटतंय.

पहिल्यांदा कधी खाल्लं तेही सांगते. 2021 च्या जुलैतली 22 तारीख. सकाळी इथे उठले तर वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरल्याचे फोटो होते आणि तुमचा फोन लागत नव्हता. काकांचाही लागत नव्हता. बंड्या पुण्यात, त्यालाही काही कळत नव्हतं. बसस्टँडचा फोटो पाहिला आणि मनातल्या मनात आपल्या जिन्याच्या पायऱ्या मोजत बसले, कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं असेल म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी काही खाल्लं नव्हतं. प्रयोगशाळेतली मैत्रीण घरी आली, तिने काही विचारलं नाही, येताना आणलेली पिशवी ओट्यावर ठेवली आणि कामाला लागली. तिने पुढ्यात ताट ठेवलं तेव्हा आत काय आहे ते मला ठाऊक होतं. तरी खाल्लं. गरम होतं, आणि त्याला जायफळाचा वास होता. आई, पुरणाच्या दिवशी आपल्या घराला येतो तो वास. मी घास तोंडात धरून रडले. नंतर तासाभराने बाबांचा फोन आला, गच्चीवर आहोत, बरे आहोत, तुझं जेवण झालं का. गच्चीवर भिजत उभ्या माणसाने मला विचारलं, तुझं जेवण झालं का. मी हो म्हणाले. ते खरं होतं.

तेव्हापासून रविवारी करते. आता कसं करते ते ऐका, म्हणजे मी काहीतरी कोरडं तोंडात टाकून झोपते ही काळजी जाईल.

पाव इथे लांबट चौकोनी मिळतो, पँ द मी म्हणतात, मऊ आणि कडा नसल्यासारखा. तो आधी नुसताच जरा शेकून घ्यायचा, नाहीतर सॉसने खालून लगदा होतो. पहिल्यांदा एकटीने केलं तेव्हा मी हे विसरले होते. एका बाजूला दिजोंची मोहरी पातळ लावायची. ही आपल्या फोडणीच्या मोहरीसारखी नसते, दळून मऊ केलेली असते आणि सरळ नाकात जाते. हॅम दुकानदार समोर कापून देतो. त्याला जाँबों ब्लाँ म्हणतात, पांढरं हॅम. मिठाच्या पाण्यात मुरवून सावकाश शिजवलेलं, धूर न दिलेलं, फिकट गुलाबी. दोघांना दोन काप पुरतात.

चीज कोंते नावाचं. बाबा, हा भाग तुमचा आहे. लियोंपासून गाडीने दोनेक तासांवर जुरा डोंगर आहे. तिथले शेतकरी आपापलं दूध गावच्या सहकारी डेअरीत घालतात, तिला फ्रुईतियेर म्हणतात. गायी दोनच जातींच्या चालतात, मोंबेलियार्द आणि सिमेंताल. चीजचं एक चाक साधारण 40 किलोचं, त्याला 400 लिटरच्या आसपास दूध लागतं, आणि कमीत कमी चार महिने ते तळघरात फळीवर मुरतं. मी गेल्या वर्षी पाहायला गेले होते. माणूस पहाटे दूध घालायला आला, वहीत आकडा पडला, दोन शब्द बोलून गेला. मला दूध सोसायटीत तुमच्या टेबलाखाली बसलेली मी आठवले, फॅट मोजायच्या नळ्यांना हात लावायचा नाही म्हणून हाताची घडी घालून. तुम्ही तिथे असतात तर तासभर हलला नसतात. जमेल तेव्हा नेणारच आहे तुम्हाला.

सॉसचं नाव बेशामेल. आई, हा तुला माझ्याहून चांगला जमेल, कारण तुझ्या पिठल्यात मी जन्मात गुठळी पाहिली नाही. 25 ग्रॅम बिनमिठाचं लोणी वितळवायचं, त्यात 25 ग्रॅम मैदा. पण आपण बेसन भाजतो तसं खमंग होईपर्यंत भाजायचं नाही. रंग पालटायच्या आत, दीड-दोन मिनिटांत थांबायचं. मैद्याचा कण न् कण लोण्याने माखला की दूध पडल्यावर ते एकमेकांना धरत नाहीत, गुठळी होत नाही ती त्यामुळे. मग पाव लिटर थंड दूध, आधी थोडं, ते जिरलं की आणखी थोडं, हात चालूच. उकळी आली की मंद आचेवर पाचेक मिनिटं हाटत राहायचं, नाहीतर कच्च्या पिठाची चव मागे राहते. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी, ती मिटली नाही तर झालं. मीठ चिमूटभरही जास्त होतं, कारण हॅम आणि चीज दोन्ही खारट. आणि शेवटी जायफळ. इथे डबीतली पूड मिळते. मी ती घेत नाही. काकाच्या वाडीतलं अख्खं जायफळ बारीक किसणीवर दोन-तीनदा घासते, सहाण इथे नाही म्हणून किसणी. मैत्रिणीला मी एक दिलं होतं, ती म्हणते असा वास तिने कधी घेतला नव्हता.

मग पाव, मोहरी, सॉस, हॅम, चीज, वर पाव, त्यावर पुन्हा सॉस आणि चीज. 200 अंशांवर दहा मिनिटं, शेवटची दोन-तीन मिनिटं फक्त वरची आच. वर तपकिरी ठिपके येतात, कडेचं चीज जाळीसारखं कडक होतं. ती जाळी मी आधी मोडून खाते. मोदकाची फुटलेली पाकळी तू मला आधी द्यायचीस, तसं. सोबत हिरवी पानं, तेल आणि शिरका घालून. म्हणजे भाजीही पोटात जाते, आई.

बाबा, आणखी एक. मागच्या वसंतात इथल्या जुन्या बाजारात मला एक साचा मिळाला. लांब दोन दांडे, बिजागरी, आत शिंपल्याची नक्षी, अ‍ॅल्युमिनियमचा. क्रोक मस्यू घरी गॅसवर भाजायला पूर्वी लोक हाच वापरायचे. आई माहेरी गेली की तुम्ही बटाट्याची भाजी भरून ज्या साच्यात टोस्ट करायचात, त्याचाच भाऊ. तुमचा काळा पडलेला, हा अजून थोडा चमकतो. कामाच्या दिवशी उशीर झाला तर मी सॉस करत नाही. पावाला बाहेरून लोणी, आत चीज, साचा बंद, दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं. तुमच्यासारखंच कान लावून ऐकते, चुरचुर थांबली की उघडते. शाळेच्या डब्यातला त्रिकोण तुम्ही मला कागदात गुंडाळून द्यायचात आणि वरच्या बाजूला बाण काढायचात, कुठून उघडायचं ते कळावं म्हणून. तो बाण मला अजून दिसतो.

आता ते सांगते.

गुरुवारी मी सही केली. कायमच्या नोकरीची. मी जानेवारीत सामान घेऊन परत येणार नाहीये.

चिपळूण स्टेशनवर मी दोन वर्षं म्हणाले होते. बाबांनी तेव्हाही काही विचारलं नाही, फक्त बॅगेची चेन पुन्हा तपासली. दोनाची सहा झाली. तुम्हाला विचारून ठरवायला हवं होतं, विचारलं नाही, कारण तुम्ही लगेच हो म्हणाला असतात आणि ते हो मला झेपलं नसतं. मी खूप हिशेब मांडले. तिकडे माझ्या विषयाचं काम मिळालं तरी ते हैदराबादला नाहीतर बंगळुरूला, चिपळूणला नाही, म्हणजे तुमच्यापासून लांबच. इथून वर्षाला पाच आठवडे रजा मिळते, ती तिथे मिळाली नसती. पैशाचंही आहे. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं, आईच्या गुडघ्याचं, घराच्या वरच्या मजल्याचं. हे सगळं खरं आहे. पण यातलं काही नसतं तरी मला इथे राहायचं होतं, हेही खरं आहे, आणि ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. मला माझं काम आवडतं. मला इथे माझी माणसं मिळाली आहेत. तुम्ही गच्चीवर होतात तेव्हा मला कोणीतरी गरम जेवायला घातलं.

तुम्हाला सोडून राहतेय असं वाचू नका. दूर राहतेय, एवढंच.

घर गरम असतं. जुन्या विणकरांची इमारत आहे, रेशमाचे उंच माग मावावेत म्हणून छत चार मीटर उंच. थंडीत जड पडदे लावते, लोकरीचे मोजे घालते, आईने विणलेला मफलर नाकापर्यंत घेते. पाच मिनिटांवर डॉक्टर आहे. सोमवार सोडून रोज रस्त्यावर भाजीचा बाजार भरतो. कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. रात्री उशीर झाला तर मैत्रीण घरापर्यंत सोडते.

आता माझं ऐका. बाबा, ड्रॉप दिवसातून चार वेळा म्हणजे चार वेळा, तीन नाही. अंगणात झाडलोटीच्या धुळीत उभं राहायचं नाही, मान खाली घालून काही उचलायचं नाही. बुधवारी बीपी मोजून आकडा बंड्याला पाठवा, मला वाढवून-कमी करून सांगू नका. लोणचं, पापड बंद. आई, दिवाळी आठवड्यावर आली आहे, तू एव्हाना डबे धुवायला काढले असशील. चकली काकूकडून आण. अनारसे करायचे नाहीत. करंज्या वीसच्या वर नाहीत, आणि बसून. कंदील बंड्या येऊन लावेल, स्टुलावर कोणीही चढायचं नाही. जिन्याला दांडा बसवायचे पैसे काल पाठवलेत, ते साड्यांच्या कपाटात जाऊ देऊ नकोस.

आणि बाबांच्या साच्यात एकदा क्रोक मस्यू करून पाहा. हॅम नको, मशरूम नाहीतर नुसता कांदा लोण्यात परतून. चीज आपल्याकडचं क्यूबमधलं चालेल, ते तेवढं भाजलं जात नाही पण वितळतं छान. सॉस थोडा आत घालायचा, वर नाही, साच्याला चिकटेल. बाबांना अर्धा, आणि महिन्यातून एकदाच, चीजमध्ये मीठ असतं. करशील त्या रविवारी मला सांग. मीही त्याच वेळी करीन, इथे दुपार असेल तरी.

मी 9 जानेवारीला मुंबईत उतरतेय, तीन आठवड्यांसाठी. तिकीट काढलंय, फिरणार नाही. स्टेशनवर आणायला कोणी यायचं नाही, रिक्षा मिळते.

जायफळं चारच उरली आहेत. काकाला सांग, या वेळी जास्त लागतील. डबी मी रिकामी करून आणते.

तुमची,
मनू