मेणवलीच्या वाड्यात जिऊबाईंची ओळख करून देणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,
सादर नमस्कार.

आमच्या सातवीच्या मुलांना तुम्ही मेणवलीचा वाडा दाखवलात, त्याबद्दल शाळेचे आभारपत्र तुम्हाला पोचले असेलच. हे माझे वेगळे आणि मुद्दाम जाहीर पत्र. तुम्ही तिथे काय जपताय, हे चार लोकांना कळावे म्हणून.

मेणवलीला येणारे बहुतेक जण नाना फडणवीसांचे नाव ऐकून येतात, चित्रीकरण कुठे झाले ते विचारतात, घाटावरची वसईहून आणलेली घंटा पाहतात आणि परततात. तुम्ही मात्र आम्हाला त्या सहा चौकांतून नानांच्या पत्नी जिऊबाईंच्या मागोमाग नेलेत. १३ मार्च १८०० ला नाना गेले तेव्हा त्यांची ही पत्नी जेमतेम नऊ वर्षांची होती. दुसऱ्या बाजीरावाने वाडा जप्त केला, आणि ती पोर लोहगडावर नानांच्या विश्वासू किल्लेदाराच्या आसऱ्याला राहिली. १८०४ मध्ये इंग्रज सेनानी जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने वाडा परत मिळाला. पुढे दत्तक घेऊन जिऊबाईंनी घराणे चालू ठेवले. आज वंशजांनी वाडा सांभाळलाय, त्याची सुरुवात या बाईपासून होते, हे मी इतकी वर्षे वाईत राहून कधी ऐकले नव्हते.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "किल्ल्यावर तिच्याशी खेळायला कोण होतं?" तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "बाळ, कागदात ते नाही. म्हणून मी सांगणार नाही." गुरुजी, एखादी गोड गोष्ट रचून सांगणे किती सोपे होते! तुमच्या या एका उत्तराने मुलांना इतिहास म्हणजे काय ते जितके कळले, तितके मला वर्षभर शिकवून जमले नसते.

मग तुम्ही मेणवली दप्तराकडे, म्हणजे नानांच्या जुन्या कागदपत्रांकडे वळलात. कापडात बांधलेले मोडी कागदांचे रुमाल, ते अभ्यासकांपुढे आणणारे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस, आणि एकेक ओळ लावताना तुमचे जाणारे तास. भिंतीवरच्या चित्रांना हात का लावायचा नाही, हेही तुम्ही न रागावता समजावलेत. या कामाचे तुम्हाला कोणी मानधन देत नाही, हे मला ठाऊक आहे.

मनापासून आभार. वर्गातल्या दोघीतिघींना मोडी शिकायची आहे. तुमचा पुढचा वर्ग सुरू होईल तेव्हा निरोप द्या, मी त्यांना घेऊन येईन. मलाही शिकायचे आहे.

आपली नम्र,
वाईतील एक शिक्षिका