तलावात बोटुकली सोडण्याआधी

जळगाव,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय दिलीप,
रामराम.

तुझं पत्र मिळालं. डिझेलचा टँकर कलंडला, नाल्यातून तेल पाझर तलावात उतरलं, पण चार-दोन माशांखेरीज काही मेलं नाही. तेव्हा पहिल्या पावसानंतर कटला-रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडू का, असं विचारतोस. नको सोडूस भाऊ. हा हंगाम जाऊ दे.

मासे मेले नाहीत म्हणजे पाणी ठीक आहे, हा गावाचा समज मला फार खटकतो. डिझेल माशाला आधी आजारी पाडतं. त्यातले हलके अंश पाण्यात थोडे विरघळतात आणि पहिला मार कल्ल्यांना बसतो. त्यांची नाजूक त्वचा सुजते, जाड होते, प्राणवायू आत जाईनासा होतो. त्यात आपलं ऊन! २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. वर तवंग असला की हवेतून येणाराही अडतो. मरळ एरवी वर येऊन हवा घेते आणि तगते, पण आता दर खेपेला तिच्या तोंडात तो तवंगच जाणार.

वैशाखात हलके अंश लवकर उडतात. वास गेला की सगळ्यांना वाटतं, सुटलो. जड अंश मात्र गाळात बसतात आणि तिथे प्राणवायूच नसल्याने नासायला फार काळ घेतात. मृगळ तोच गाळ चिवडून खातो. ही द्रव्यं फोडून पित्तावाटे बाहेर टाकताना माशाच्या यकृताचे हाल होतात, वाढ खुंटते, रोगाशी झुंजायचं बळ उरत नाही. पुढे मासे रोगाने मेले की आपण माशांच्या बियाण्याला दोष देतो.

अंड्यांचं तर विचारूच नकोस. १९८९ साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून कच्चं तेल सांडलं. त्यानंतर तिथल्या ओढ्यांच्या मुखाशी गुलाबी सामन माशांची अंडी पुढची काही वर्षं नेहमीपेक्षा जास्त मरत राहिली. तो प्रदेश थंड, मासा वेगळा, तेलही वेगळं. पण अंड्यातल्या पिल्लाच्या हृदयाभोवती पाणी साठणं, कणा वाकडा होणं, हे डिझेलनेही होतं.

पोरांनी तवंगावर कपड्यांची पावडर टाकली म्हणतोस, ते आजच थांबव. पावडरीने तेल नाहीसं होत नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं आणि कल्ल्यांना अधिकच भिडतं. त्यापेक्षा घरात पडलेली कवडी, म्हणजे तो हलका डागाळलेला कापूस, जाळीच्या पोत्यांत भरून नाल्याच्या तोंडाशी आडवी बांध. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, म्हणून तो पाण्याआधी तेल ओढतो. भिजलेली पोती पाण्यापासून लांब ठेव, आणि कोणाला जाळू देऊ नकोस. गुरंही तिकडे नेऊ नका.

भोईवाड्यातल्या मंडळींना तू स्वतः जाऊन सांग. त्यांचं पोट त्या तलावावर आहे, त्यांना आडून कळायला नको. भरपाईच्या अर्जात मेलेल्या माशांबरोबर या बुडालेल्या हंगामाचंही नुकसान लिहायला लाव.

तीन-चार ठिकाणचा तळाचा गाळ काचेच्या बरण्यांत भर, प्लास्टिक नको. झाकणं घट्ट लाव, थंड अंधारात ठेव. रविवारी सकाळच्या गाडीने येतो आणि तपासायला घेऊन जातो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुभाष