सोन्याच्या खोलीवरचा रविवार

सोलापूर,
रविवार, रात्र

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

हुरड्याची पिशवी काल संध्याकाळच्या एसटीनं पोचली. अर्धा हुरडा घरी ठेवला, अर्धा दादाच्या सोन्याला त्याच्या खोलीवर दिला. तळाशी फडक्यात बांधलेली लसणाची चटणीही सापडली. ती सगळी त्यालाच दिली.

आई, परवा फोनवर तू रडलीस ते मनातून जात नाही. "लेकरू वाळलंय, हातानं करून खातंय, तू तिथं असून असं कसं?" म्हणालीस. बाबांनीही दादाकडून निरोप धाडला, की मेस तरी लावा नाहीतर त्याला सरळ तुझ्या घरी ठेवून घे. मी दोन्हीचा विचार केला. त्याला खोलीवरच राहू द्या आणि हातानंच करून खाऊ द्या, असं माझं म्हणणं आहे. फोनवर तुम्ही पुरतं ऐकून घेत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दसऱ्याच्या आठवडाभर आधी त्याला उलट्या-जुलाब झाले होते. बाबांची साखर तेव्हा वरखाली होत होती, म्हणून कळवलं नाही. राग मानू नका. मेसला कंटाळून तिघा पोरांनी नुकतंच खोलीवर करायला घेतलं होतं. शनिवारी रात्री कुकर भरून भात लावला, उरलेला तसाच कुकरात झाकून ठेवला आणि रविवारी दुपारी फोडणी देऊन खाल्ला. संध्याकाळपर्यंत तिघंही आडवे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न भाताचाच विचारला. तांदळात एक जंतू असतो, त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात. ते विष परत गरम केलं तरी जात नाही. आपल्या घरी भाकरी मुख्य आणि भात घासभर, उरायचाच नाही, त्यामुळे हे कधी आपल्या वाट्याला आलं नाही.

त्यात चूक माझी होती. "रोज रोज करत बसू नका, एकदम करून ठेवा" एवढंच मी सांगितलं होतं. करून ठेवलेलं सांभाळायचं कसं, ते सांगितलंच नव्हतं. दिवाळीनंतर तिघांनी वर्गणी काढून एका दाराचा जुना फ्रीज घेतला आणि मी ओळीनं चार रविवार सकाळी त्यांच्या खोलीवर गेले.

पहिल्या रविवारी किलोभर कांदे चिरायला सोन्याला पाऊण तास लागला. एक फोड जाड, एक बारीक. कढईत बारीक करपल्या आणि जाड कच्च्या राहिल्या. मी काही बोलले नाही. त्यानंच चमच्यानं करपलेल्या वेचून काढल्या आणि म्हणाला, "आत्या, आजी एवढा बारीक कसा चिरते गं?" पुढच्या खेपेला मी माझी विळी नेऊन दिली. आता पायाखाली दाबून मांडी घालून बसतो आणि वीस मिनिटांत किलो संपवतो. सुरीला हात लावत नाही.

तो कांदा तेलात लालसर झाला की आलं-लसूण, मग अर्धा किलो टोमॅटो, हळद, तिखट, मीठ. तेल सुटेपर्यंत परतायचं. गार झालं की बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला. घट्ट झालेल्या वड्या पिशवीत काढून ठेवतात. एका माणसाच्या भाजीला दोन वड्या. त्यात मोड आलेली मटकी घातली की उसळ, उकडलेली अंडी घातली की रस्सा, शेंगदाण्याचा कूट आणि पाणी घातलं की शेंगाभाजी. आठवड्याचं निम्मं काम त्या ट्रेमध्ये होतं.

डाळीचंही तसंच. तीन वाट्या तूर अर्धा तास भिजवून नुसत्या हळदीवर शिजवायची, फोडणी द्यायची नाही. कुकर डाळीनं अर्ध्याच्या वर भरायचा नाही, हे मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, कारण डाळ फेसाळून शिट्टीत अडकते. शिजलेली घट्ट डाळ चार डब्यांत वाटायची. दोन डबे खाली, ते तीन दिवसांत संपवायचे. दोन वर फ्रीजरला. एक दिवस लसूण-जिऱ्याची फोडणी, एक दिवस चिंच-गूळ, एक दिवस पालक. बटाट्याची भाजी मात्र फ्रीजरला ठेवू दिली नाही. बटाटा बाहेर काढला की पाणी सोडतो आणि तोंडात रवाळ लागतो.

भात आता त्या दिवसापुरताच लावतात. चुकून उरला तर परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवायचा, वाफ गेली की लगेच डब्यात आणि डबा फ्रीजला. एरवी शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर राहता कामा नये. मार्चपासून ऊन चढेल, मे महिन्यात इथला पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा दोनाचा एक तास करायचा. डब्यातलं सगळं न तापवता लागेल तेवढंच काढून खळखळ उकळायचं. प्रत्येक डब्यावर वार लिहिलेली पट्टी असते. अक्षर सोन्याचंच, तुम्हाला येतं त्या पोस्टकार्डावरचं.

भांड्यांचंही सांगते. इथं नळाला रोज पाणी येत नाही, पिंप भरून ठेवावं लागतं. रोज चार भांडी घासायची म्हटली तरी पोरांचं पाणी पुरत नाही. आठवड्यातून एकदाच मोठी भांडी निघतात, बाकीच्या दिवशी एक कढई आणि ताटं. मेस सोडायला जेवढी चव कारण झाली, तेवढंच हेही त्यांना एकदम करून ठेवण्याला धरून ठेवतंय.

बाबा, अभ्यास बुडेल हा तुमचा घोर मला कळतो. रविवारी अडीच तास जातात, बाकीच्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं. मेसला जाऊन-येऊन आणि रांगेत थांबून रोज तासभर जायचा. माझ्या घरी ठेवून घेईनही, पण जुळे सोलापूरहून अशोक चौकापर्यंत सकाळी साडेसातच्या तासाला पोचायचं म्हणजे पोरगं रोज उपाशी निघेल. आणि आई, तो वाळलेला नाही. आज माझ्याकडे जेवायला आला होता, तेव्हा वजनकाट्यावर उभा केला. ५८ किलो भरला. जूनमध्ये आला तेव्हा ५७ होता. उंची वाढली आहे, म्हणून तुला तसा दिसतो.

आता तुमच्या ज्वारीबद्दल. बाबा, २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हा तुम्ही गावभर सांगत हिंडला होतात. त्याच ज्वारीचं पोतं तुम्ही दिलंत तेव्हा मला वाटलं, ही पोरं याचं काय करणार. त्यांच्या गल्लीत एक मावशी कडक भाकरी करून विकतात. पोरं त्यांना पीठ दळून देतात, मजुरी देतात आणि पापडासारख्या कडकडीत भाकरींची चळत घेऊन येतात. हवाबंद डब्यात ती महिनाभर हलत नाही. रात्री अकराला भूक लागली तर भाकरी चुरायची, वर आमटी ओतायची. परवा मी गेले तर तिघं एकाच परातीभोवती बसले होते, कोपरापर्यंत हात भरलेले.

त्या आमटीसाठीच तुझ्याकडे मागणं आहे, आई. तुझा येसर संपला. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि धने भाजून तू दळतेस, तसा इथं कुठंच मिळाला नाही. मी सोन्याला शिकवलं, की येसर गार पाण्यात कालवून मगच उकळत्या फोडणीत सोडायचा, नाहीतर गुठळ्या होतात. पण भाजायचा किती, ते मला सांगता येईना. तू नुसत्या वासावर उतरवतेस. वेळ अमावास्येला शेतातल्या जेवणासाठी अख्ख्या शिवारातल्या माणसांना पुरेल एवढी पालेभाज्या-दाण्यांची भज्जी तू पहाटे एकटीनं रांधायचीस आणि मी झोपेतून उठून नुसती चुलीजवळ शेकत बसायचे. तेव्हा नीट बघायला हवं होतं.

तर दोन किलो येसर आणि अर्धा किलो काळं तिखट पाठव. हिरव्या भाज्या पाठवू नका, एसटीत वाफारतात. शेंगा मात्र जमतील तेवढ्या द्या. चटणी आता तो स्वतः कुटतो, खलबत्त्यात, तेल सुटेपर्यंत. मिक्सरला नको म्हणतो.

आणि रविवारी सकाळी दहाला त्याला फोन कर. तेव्हा तो विळीवर बसलेला असतो, फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवील. येसर किती भाजायचा ते त्यालाच सांग, मीही ऐकेन. बाबांच्या साखरेचा नवा रिपोर्ट दादाला पाठवायला सांगा.

तुमची,
लेक