नायट्रोजनचं भांडं आणणाऱ्या मामांस

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

प्रबंधाच्या आभारपानावर तुम्हाला एका ओळीत आटोपलं, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

पहिल्या वर्षी खानापूरच्या आमच्या शेतातली भाताची पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून मी बसनं बेळगावला आणली होती. पाणी तोडलेल्या आणि पाणी दिलेल्या वाफ्यांतल्या पानांत ॲबसिसिक आम्ल (तहानलेलं झाड तयार करतं ते संप्रेरक) किती, ते मोजायचं होतं. आकडे आले, तर दोन्हींचे जवळजवळ सारखेच! मी मशीनला बोल लावत बसले. तुम्ही, आमच्या प्रयोगशाळेचे मामा, बाटल्या विसळता विसळता एवढंच विचारलंत, "पान तोडलं कधी, गोठवलं कधी?"

मध्ये अडीच तास गेले होते. तोडलेलं पान कोमेजू लागलं की हेच आम्ल भराभर तयार करतं. पाणी मिळालेली पानंही वाटेत तहानली. म्हणजे मी मोजला तो बसचा प्रवास.

दुसऱ्या खेपेला तुम्ही टेम्पोतून गुरांच्या कृत्रिम रेतनवाल्याचं द्रव नायट्रोजनचं भांडं घेऊन थेट बांधावर हजर! आजीनं विचारलं, "कुठल्या म्हशीला?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "भाताला, अव्वा." झाकण घट्ट लावू नकोस, वायू कोंडून भांडं फुटेल, हे तुम्ही तिसऱ्यांदा सांगितलंत तेव्हा मी चिडले होते. माफ करा. पान तोडलं, फॉइलमध्ये गुंडाळलं, की लगेच उणे १९६ अंशांत. तुमचं आपलं कन्नडातलं "निधान, निधान" (सावकाश, सावकाश) चालूच.

खलबत्त्यात नायट्रोजन ओतत पूड करायची, १०० मिलिग्रॅम पुडीत थंड मिथेनॉल घालायचं, सुरुवातीलाच ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजन असलेलं) ॲबसिसिक आम्ल मोजून मिसळायचं, हे सरांनी शिकवलं. गाळता-सुकवताना जे वाया जातं ते पानातल्या आणि मिसळलेल्या, दोन्ही आम्लांचं सारख्याच प्रमाणात जातं, म्हणून शेवटी गुणोत्तरावरून पानातलं मूळ प्रमाण काढता येतं. पण मिथेनॉलचा थेंब सांडला की मार्करचं नाव पुसतं, नळीच्या खरबरीत पट्टीवर पेन्सिलीनं लिही, हे सांगणारे तुम्ही. नॅनोग्रॅमचा हिशोब करून नळी कुणाची तेच कळलं नसतं तर?

या वेळी तहानलेल्या रोपांची आम्लाची शिखरं मशीनच्या पडद्यावर उंच उठली, बाकीची बुटकी राहिली. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि चहा आणायला गेलात.

सुगीला घरी या, आईनं तुमच्यासाठी बासमती बाजूला ठेवलाय. आणि ते भांडं परत दिलंत का? रेतनवाला अजून मलाच विचारतोय.

तुमची,
खानापूरची भाची