वाघ-सिंहांची तुलना नुसत्या वजनावर नको

संपादक महोदय,

व्याघ्रदिन किंवा सिंहदिन जवळ आला की वाघ मोठा की सिंह, बिबट्या भारी की जग्वार, असे तक्ते समाजमाध्यमांवर फिरू लागतात आणि तेच आकडे पुढे वृत्तपत्रांच्या बालपुरवण्यांतही येतात. मुलांना हे कुतूहल असावे, असेच मला वाटते. परंतु तो प्राणी नर होता की मादी, कोणत्या प्रदेशातला, रानातला की पिंजऱ्यातला, त्याला काट्यावर तोलले होते की अंदाज बांधला होता, यांपैकी काहीही त्या तक्त्यांत नसते.

सर्वांत मोठा वाघ सैबेरियाचा, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. रशियाच्या अतिपूर्व भागात १९९२ पासून चाललेल्या संशोधनात बेशुद्ध करून तोललेल्या याच वाघाच्या रानटी नरांचे सरासरी वजन १७६ किलोच्या आसपास भरले. उलट नेपाळमधील चितवनच्या जंगलात १९७०च्या दशकापासून तोलले गेलेले प्रौढ नर २०० ते २६१ किलोंचे होते. सैबेरियन वाघाचे तीनशे किलोंपुढचे जे आकडे आजही छापले जातात, ते बहुतांशी प्राणिसंग्रहालयांत पोसलेल्या जनावरांचे किंवा जुन्या शिकाऱ्यांच्या सांगण्यातले आहेत. सुंदरबनातला वाघही चितवनच्या वाघाप्रमाणे बंगाल वाघच, पण चितवनच्या वाघिणी सरासरी १४० किलोंच्या भरल्या, तर सुंदरबनात तोललेल्या वाघिणी ऐंशी किलोंच्याही आत होत्या. त्यात वाघ एका वेळी वीस-पंचवीस किलो मांस सहज खातो, म्हणजे पोट भरलेले होते की रिकामे, यानेही वजन बदलते.

लांबीचेही तसेच आहे. शिकारीच्या काळात काही जण नाकाच्या आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून त्यांच्यातले सरळ अंतर मोजत, तर काही जण पाठीच्या वळणावरून फीत फिरवत. दुसऱ्या पद्धतीने तोच वाघ काही इंच अधिक लांब भरे, आणि नोंदवहीत मात्र नुसता आकडा उरे.

बांधा पाहू लागल्यावर ही तुलना खरी रंगते. गीरचा प्रौढ नर सिंह साधारण १६० ते १९० किलोंचा, म्हणजे मध्य भारतातल्या मोठ्या वाघापेक्षा हलका, तरीही खांद्यापाशी तो वाघाहून उंच असू शकतो. वाघाचे शरीर लांब आणि ठेंगणे, मागचे पाय झेपेसाठी घडलेले. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाच्या जंगलातला नर जग्वार वजनाला आपल्या नर बिबट्याएवढाच, पन्नास-साठ किलोंचा, पण त्याचे पाय आखूड, छाती रुंद आणि जबडा इतका बळकट की भक्ष्याची कवटी तो दातांनी फोडतो. त्याचेच ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ प्रदेशातले भाऊबंद शंभर किलोंच्याही पुढे जातात.

चित्ता आणि बिबट्या यांचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे आहे. दोघांचे वजन बऱ्याच अंशी सारखे असले, तरी चित्त्याचे पाय लांब, कंबर बारीक, डोके लहान आणि नखे पुरती आत न जाणारी, म्हणजे सारी रचना धावण्यासाठी. बिबट्याची मान आणि खांदे मात्र शिकार झाडावर ओढून नेण्याइतके दणकट. २०२२ मध्ये कुनो येथे चित्ते आणले, तेव्हा त्यांच्यासाठी घातलेल्या कुंपणातून बिबट्यांना बाहेर काढण्याची खटपट वन विभागाला का करावी लागली, हे वजनाच्या तक्त्यावरून कधीच कळणार नाही. जुन्नर परिसरातल्या उसाच्या फडात दडून कुत्री-शेळ्यांवर जगणे बिबट्याला कसे साधते, हेही त्याच्या या आटोपशीर शरीरात आहे. त्याच्या बातमीत ‘महाकाय’ हे विशेषण वाचले की मला फार वाईट वाटते, कारण त्याने गावकऱ्यांच्या मनातली धास्ती वाढते आणि सावध राहण्यासाठी उपयोगी अशी काहीच माहिती हाती लागत नाही.

माझी आपणास विनंती आहे की, यापुढे अशी तुलना छापताना प्रत्येक आकड्यासोबत प्रदेश, नर-मादी आणि मोजण्याची रीत द्यावी, प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांचे आकडे वेगळे ठेवावेत, आणि शक्य असल्यास एकाच प्रमाणात काढलेली बाजूची रेखाचित्रे छापावीत. वन विभागात आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत हा मजकूर तपासून देऊ शकणारी जाणकार मंडळी आहेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, चंद्रपूर